उजेडानं मऊ टिश्यूचा कडकपणा कसा मोजतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात ऑप्टिकल इलास्टोग्राफीवर काम करतो, म्हणजे प्रकाश वापरून शरीरातल्या मऊ भागांचा मऊपणा-कडकपणा मोजायचा. घरचे, शेजारचे, कॉलेजची पोरं, डॉक्टर मित्र सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात म्हणून एकदाचं सगळं एका जागी लिहून ठेवतोय. वरपासून खालपर्यंत वाचायलाच पाहिजे असं काही नाही, हवा तो प्रश्न बघा, पण दुसरा प्रश्न मात्र सोडू नका, बाकी सगळं त्याच्यावरच उभं आहे.

दादा, हे नेमकं काय असतं, सोप्या भाषेत सांगा ना?

कळमन्याच्या बाजारात संत्रे घ्यायला गेलो की आपण काय करतो, हातात घेऊन हलकेच दाबतो. किती दाबला आणि किती दबला, ह्या दोन गोष्टींवरून बोटं आपोआप निकाल देतात. डॉक्टर पोटावर, मानेवर, गाठीवर हात ठेवून तपासतात तेही हेच, आणि हे हजारो वर्षं चालत आलंय कारण आजार झाला की टिश्यूचा मऊपणा खरंच बदलतो. लिव्हर खराब होत गेलं की कडक होतं, कॅन्सरची गाठ बहुतेक वेळा आजूबाजूच्या भागापेक्षा घट्ट लागते, भाजल्याचा व्रण ताठ होतो.

पण बोटांच्या दोन अडचणी. एक, बोट आकडा देत नाही, "थोडं घट्ट वाटतंय" एवढंच सांगतं, आणि सहा महिन्यांनी तोच डॉक्टर तोच पेशंट तपासेल तेव्हा मागचं "थोडं" किती होतं हे कोणाला आठवणार. दुसरं, बोटाला बारीक दिसत नाही. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या पडद्यात एका कोपऱ्यात तो मऊ पडतोय हे बोटाला कळूच शकत नाही. ह्या दोन्ही जागी प्रकाश कामाला येतो.

प्रकाश कडकपणा मोजतो म्हणजे काय करतो?

हाच तो प्रश्न. प्रकाश कडकपणा मोजत नाही, प्रकाश हालचाल मोजतो. टिश्यूला आपण हलकासा धक्का द्यायचा, तो किती हलला, कुठे हलला, कधी हलला हे प्रकाशानं बघायचं, आणि मग त्या हालचालीवरून कडकपणा आपण हिशोबानं काढायचा. त्या हिशोबात आपण काहीतरी गृहीत धरलेलं असतं, की टिश्यू सगळीकडे सारखा आहे, तो रबरासारखा परत येतो, धक्का इतकाच होता वगैरे. ते गृहीत चुकलं की हालचाल अगदी बरोबर मोजलेली असूनही आकडा चुकतो.

आता संत्र्याचंच बघा. आपल्या नागपुरी संत्र्याची साल सैल, आत हवा, दाबला की लगेच दबतो. म्हणून आतल्या फोडी मऊ आहेत का, नाही, साल दबली फक्त. मोसंबीची साल गराला घट्ट चिकटलेली, ती दाबली की वेगळाच अंदाज येतो. थरांची रचना न बघता नुसता दाब आणि दबणं मोजलं तर दोन्ही फळांबद्दल आपण चुकीचं बोलू. टिश्यू पण असाच थराथरांचा असतो. म्हणून मी विद्यार्थ्यांना एकच सांगत असतो की कोणीही किलोपास्कलमधे आकडा सांगितला की आधी विचारायचं, धक्का कसा दिला आणि हिशोबात काय धरलं.

किलोपास्कल म्हणजे? आणि शरीरात कोणता भाग किती कडक?

दर क्षेत्रफळावर किती जोर लावला ते झालं प्रतिबल, त्यामुळे लांबी मूळ लांबीच्या तुलनेत किती बदलली ती झाली विकृती, आणि पहिल्याला दुसऱ्यानं भागलं की यंग मॉड्युलस, अकरावी-बारावीच्या फिजिक्समधलाच. मेंदू साधारण एक-दोन किलोपास्कल, सैल सोडलेला स्नायू दहाच्या आसपास, कूर्चा हजाराच्या घरात, आणि हाड दीड-दोन कोटी किलोपास्कल. म्हणजे मेंदू ते हाड एक कोटी पटीचा फरक! दुसरीकडे मऊ टिश्यूमधून आवाज जायचा वेग बघा, तो सगळीकडे सेकंदाला १५४० मीटरच्या आसपासच, थोडेफार टक्के इकडेतिकडे. आजारी आणि निरोगी वेगळं ओळखायचं असेल तर इतका फरक पडणारी गोष्ट मोजावी की जेमतेम पडणारी, हे तुम्हीच सांगा.

ओसीटी आणि ओसीई एकच का?

ओसीटी, म्हणजे ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी, हे चित्र काढायचं तंत्र आहे, रेटिनाच्या डॉक्टरकडे हनुवटी टेकवून जो स्कॅन करतात तेच. १९९१ मधे अमेरिकेत एमआयटीच्या ग्रुपनं ते जगापुढे आणलं. तत्त्व सोनोग्राफीसारखं, आत प्रकाश सोडायचा आणि कुठून परत आला ते बघायचं, फक्त प्रकाशाला एक मिलिमीटर जायला साधारण ३ पिकोसेकंद लागतात, एवढं बारीक घड्याळ कुठून आणणार, म्हणून परत आलेला प्रकाश मूळ प्रकाशाच्याच दुसऱ्या भागाशी भिडवतात आणि दोघांच्या व्यतिकरणावरून, म्हणजे दोन लाटा एकमेकींत मिसळून उजेड कमी-जास्त होतो त्यावरून, खोली काढतात.

इलास्टोग्राफी हा शब्दही त्याच १९९१ सालचा, जोनाथन ओफीर ह्यांनी सोनोग्राफीसाठी आणला. दोन्ही गोष्टी एकत्र करून ओसीटीनं इलास्टोग्राफी जोसेफ श्मिट ह्यांनी १९९८ मधे करून दाखवली आणि तिथून ओसीई, म्हणजे ऑप्टिकल कोहेरन्स इलास्टोग्राफी, सुरू झालं. ओसीटी म्हणजे फोटो, ओसीई म्हणजे धक्का देऊन काढलेल्या फोटोंमधून हालचाल शोधणं. त्यात प्रकाशाच्या फेजमधला, म्हणजे लाट चढ-उताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे त्यातला, बदल पकडला की काही नॅनोमीटरची हालचाल सुद्धा दिसते. आपला केस साधारण सत्तर हजार नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज करा. मला इतकी वर्षं काम करून अजूनही ह्या गोष्टीचं नवल वाटतं.

धक्का कसा देतात? दुखत नाही का?

नाही दुखत. हवेची बारीकशी फुंकर, नाहीतर पिझोची, म्हणजे वीज दिली की थरथरणारी, टोकदार काडी, नाहीतर अल्ट्रासाउंडचा एकाच जागी गोळा केलेला दाब, नाहीतर सरळ काचेनं हलकं दाबणं. शेवटच्या प्रकारात काचेच्या आणि टिश्यूच्या मधे माहितीतल्या कडकपणाचा सिलिकॉनचा पातळ थर ठेवतात, तो किती दबला त्यावरून तिथे जोर किती लागला ते कळतं. ही युक्ती मला फार आवडते, कारण नुसतं दाबून विकृती मिळते पण जोर किती पडला ते कळत नाही, आणि जोराशिवाय मॉड्युलस निघत नाही.

तरंगावरून कडकपणा कसा काढतात?

दोरीवर एका टोकाला झटका दिला की लाट पुढे पळते, दोरी जितकी ताणलेली तितकी लाट जोरात. टिश्यूतही तसंच, आडवा तरंग कडक भागातून वेगानं जातो. हिशोब इतकाच की वेगाचा वर्ग करा, घनतेनं गुणा, शिअर मॉड्युलस, म्हणजे आडवं सरकवायला होणारा विरोध, मिळाला, आणि टिश्यूत पाणी भरलेलं असल्यानं तो आकारमानानं दबत नाही म्हणून त्याची तिप्पट केली की यंग मॉड्युलस. समजा वेग सेकंदाला २ मीटर, घनता पाण्याएवढी म्हणजे १०००, तर ४ किलोपास्कल शिअर आणि १२ किलोपास्कल यंग.

आता ह्यात खोच अशी की हे सूत्र जाड, सगळीकडे सारख्या पदार्थासाठी आहे. डोळ्याचा कॉर्निया, म्हणजे पुढचा पारदर्शक पडदा, साधारण अर्धा मिलिमीटर जाड, वरून हवा, खालून पाणी. तिथे तरंग मोकळा धावत नाही, दोन्ही पृष्ठांच्या मधे कोंडून धावतो आणि प्रत्येक फ्रिक्वेन्सीला त्याचा वेग वेगळा येतो. तिथे वरचं सूत्र तसंच लावलं तर आकडा साफ चुकतो. स्नायूत वेगळी भानगड, तंतूंच्या दिशेनं तरंग जोरात जातो आणि आडवा गेला की हळू, मग कोणत्या दिशेनं मोजलं हे लिहिलं नाही तर त्या आकड्याला अर्थ नाही.

सोनोग्राफीवाल्या फायब्रोस्कॅननं हे होतंच ना, मग उजेड काहून पाहिजे?

होतं आणि चांगलं होतं. लिव्हर तपासायला तेच वापरायचं, प्रकाश तिथपर्यंत पोचणारच नाही. फायब्रोस्कॅन कातडीखाली अडीच सेंटीमीटरपासून पुढे बघतो, आपला प्रकाश कातडीत जेमतेम एक-दोन मिलिमीटर जातो. पण त्या एक-दोन मिलिमीटरमधे पाच-दहा मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) इतकं बारीक दिसतं, जे सोनोग्राफीला जमत नाही. ज्याची जागा जिथे.

डोळ्यासाठी ह्याचा काय उपयोग?

सगळ्यात जास्त उपयोग इथेच झालाय. केरॅटोकोनस नावाचा आजार आहे, त्यात कॉर्निया मऊ पडतो, पातळ होतो आणि हळूहळू शंकूसारखा पुढे येतो. बहुतेक वेळा तरुण वयात सुरू होतो आणि चष्म्याचा नंबर सारखा बदलत राहतो. डोळे चोळायची सवय ह्यात घातक. आपल्याकडे उन्हाळ्यात धूळ, कोरडी हवा, ॲलर्जी, पोरं दिवसभर डोळे चोळत असतात, त्यांच्या आईवडिलांना मी मनापासून सांगतो, ती सवय मोडा आणि खाजेचं औषध डॉक्टरकडून घ्या.

आज निदान होतं ते मुख्यतः आकारावरून, म्हणजे कॉर्नियाचा नकाशा काढून. पण आकार बिघडतो तो मऊ पडल्यानंतर. मऊपणा आधी पकडता आला तर इलाज लवकर सुरू करता येईल, आणि नंबर काढायचं लेझर ऑपरेशन कोणाला करू नये हेही आधीच कळेल, कारण आधीच कमकुवत कॉर्नियावर ते ऑपरेशन केलं तर तो पुढे फुगत जाऊ शकतो. इलाज म्हणजे क्रॉसलिंकिंग, रायबोफ्लेविनचे, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाचे, थेंब घालून अतिनील किरण देतात, मूळ पद्धतीत अर्धा तास, त्यानं कोलॅजनचे, म्हणजे टिश्यूला मजबुती देणाऱ्या प्रथिनाचे, धागे एकमेकांना बांधले जातात आणि कॉर्निया ताठ होतो. किती ताठ झाला, कुठे झाला, किती खोल झाला, हे जिवंत डोळ्यात मोजायचं तर हात लावून चालणार नाही, प्रकाशच पाहिजे.

दवाखान्यात वापरात असलेली मशीनही आहेत. कॉर्व्हिस एसटी हवेची फुंकर मारतं आणि सेकंदाला चार हजारांवर फोटो काढून कॉर्निया आत कसा दबला, परत कसा आला ते दाखवतं. पण इथेही तोच मुद्दा, डोळ्याच्या आतलं प्रेशर जास्त असेल तर कॉर्निया कमी दबतो, मग तो कडक आहे म्हणून की आतून दाब आहे म्हणून? फुगा जास्त फुगवला तर रबर बदललं का, नाही ना. दोन्ही वेगळं काढायला वेगळा हिशोब लागतो, आणि संशोधनाचा मोठा भाग ह्याच्यावरच चाललाय.

धक्का न देता मोजता येतं असं ऐकलं, खरं का?

खरं, आणि ह्याचं उत्तर देताना मला आपलं शहर आठवतं. चंद्रशेखर व्यंकट रमण १९१० मधे सरकारी नोकरीत बदली होऊन नागपुरात होते, वर्षभराच्या आतच बढती मिळून कलकत्त्याला गेले. १९२८ मधे त्यांचा शोध लागला तो कलकत्त्याला, पण गांधीसागरजवळच्या रमण विज्ञान केंद्रासमोरून जाताना मला दर वेळी वाटतं की हा माणूस काही महिने ह्याच उन्हातून ऑफिसला जात असेल.

त्यांचा शोध तो रमण प्रकीर्णन, त्यात प्रकाश विखुरताना रेणूंच्या कंपनांशी देवाणघेवाण करतो. त्याचाच एक भाऊबंद आहे, ब्रिलुआँ प्रकीर्णन, लेओं ब्रिलुआँ ह्यांनी १९२२ मधे मांडलेलं. प्रत्येक पदार्थात उष्णतेमुळे बारीक ध्वनितरंग सतत चालू असतात, प्रकाश त्यांना धडकून परत येतो तेव्हा त्याची फ्रिक्वेन्सी किंचित बदलते. कॉर्नियात हा बदल पाच-सहा गिगाहर्ट्झचा, म्हणजे प्रकाशाच्या मूळ फ्रिक्वेन्सीच्या लाखात दीड भाग. धक्का नाही, स्पर्श नाही, निसर्गच आतून हलवतोय. स्कार्सेली आणि युन ह्यांनी २००८ मधे ह्याचं मायक्रोस्कोप करून दाखवलं.

पण इथे वेगळाच मॉड्युलस मिळतो, किलोपास्कल नाही, गिगापास्कल. आणि त्यात पाण्याचं प्रमाण फार मोठी भूमिका बजावतं. २०१८ मधे जेलींवर काम करून दाखवलं गेलं की कडकपणा बदलला तरी पाणी तेच ठेवलं तर ब्रिलुआँचा आकडा फारसा हलत नाही. तेव्हापासून ह्या क्षेत्रात जोरात चर्चा चालू आहे, आणि माझं मत असं की ब्रिलुआँ उत्तम साधन आहे पण त्याचा आकडा "कडकपणा" म्हणून सरळ छापू नये.

खर्रा खाणाऱ्यांच्या तोंडासाठी हे वापरता येईल का?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा. माझ्या काकांनी वीस-बावीस वर्षं खर्रा खाल्ला. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून घोटून, दिवसातून पाच-सहा वेळा. आधी तिखट लागायचं बंद केलं, तर्री-पोहे सोडले, मग एक दिवस जेवताना घास तोंडात जाईना. चांगल्या तोंडात तीन बोटं उभी जातात, काकांच्या तोंडात दीड बोट जात होतं.

ह्या आजाराचं नाव ओरल सबम्यूकस फायब्रोसिस. मुख्य कारण सुपारी, तंबाखू नसलेली सुद्धा. सुपारीतल्या अरेकोलीनसारख्या द्रव्यांमुळे गालाच्या आतल्या पडद्याखाली कोलॅजन साठत जातं आणि मोडत नाही, मग गाल आतून चामड्यासारखा ताठ होतो, पांढुरके पट्टे हाताला लागतात. भारतात सतरा वर्षं पाठपुरावा केलेल्या एका अभ्यासात अशा पेशंटपैकी ७.६ टक्क्यांना पुढे तोंडाचा कॅन्सर झाला.

आता विचार करा, हा आजार म्हणजेच मुळात मऊपणा जाणं. पडदा पातळ, वरून हात पोचतो, प्रकाशही पोचतो. तरी आज मोजतो काय, तर तोंड किती उघडतं ते, जे बऱ्यापैकी नुकसान झाल्यावरच कमी होतं. ओसीटीनं गालाच्या आतल्या पडद्याची जाडी आणि थर दिसतात, आणि त्याला कडकपणाची जोड मिळाली तर तोंड बंद व्हायच्या आधी, सवय सोडून फायदा होईल अशा वेळी, त्या माणसाला त्याच्याच गालाचा आकडा दाखवता येईल. हे अजून संशोधनाच्या पातळीवर आहे, दवाखान्यात जाऊन मागू नका. अडचणी पण खऱ्या आहेत, तोंडात लाळ, पेशंट हलतो, आणि ज्याचं तोंडच उघडत नाही त्याच्या तोंडात प्रोब घालायचा कसा, म्हणजे प्रोब बारीक पेनाएवढा पाहिजे. पण विदर्भात बसून ह्या विषयावर काम करायचं असेल तर ह्याहून गरजेची जागा मला दिसत नाही.

आणि तोंडात जळजळ होत असेल, तोंड कमी उघडत असेल तर मशीनची वाट बघू नका, डेंटल कॉलेजला जाऊन दाखवा आणि सुपारी आजच सोडा.

सिकलसेलशी ह्याचा काही संबंध?

टिश्यू नाही पण पेशी, आणि हो, थेट संबंध. लाल पेशी सात-आठ मायक्रॉनची, तिला स्वतःपेक्षा अरुंद नळीतून दुमडून जावं लागतं. सिकलसेलमधे ऑक्सिजन कमी झाला की आतलं हिमोग्लोबिन लांब काड्यांसारखं जुळतं, पेशी ताठ होते आणि अडकते, मग त्या भयंकर कळा. निरोगी लाल पेशी १२० दिवस जगते, सिकलची दहा-वीस दिवस. विदर्भात कितीतरी घरांनी हे बघितलंय.

पेशीचा मऊपणा प्रकाशानं दोन तऱ्हेनं मोजतात. ऑप्टिकल ट्वीझर, म्हणजे लेझरच्या चिमट्यानं पेशी धरून ताणायची, ज्याच्यासाठी आर्थर ॲश्किन ह्यांना २०१८ चं नोबेल मिळालं. दुसरी मला जास्त भावते, पेशीला हातच लावायचा नाही, तिचा पडदा उष्णतेनं आपोआप पन्नासेक नॅनोमीटर थरथरत असतो, ती थरथर फेज मायक्रोस्कोपनं बघायची. मऊ पडदा जास्त थरथरतो, ताठ पडदा कमी.

ह्यानं बायोप्सी टळेल का?

नाही. कडक म्हणजे कॅन्सर असं नसतं, साधी गाठही कडक असू शकते. उपयोग वेगळ्या ठिकाणी आहे, स्तनाचा कॅन्सर काढताना कापलेल्या तुकड्याच्या कडेला गाठीचा अंश राहिला का हे ऑपरेशन चालू असतानाच बघायला. ऑस्ट्रेलियात पर्थच्या ग्रुपनं ह्यावर बरंच काम केलंय, वर सांगितलेली सिलिकॉनच्या थराची युक्ती वापरूनच.

लेझर आहे म्हणजे इजा होईल ना?

एक्स-रेसारखे हे किरण नाहीत, जवळचा इन्फ्रारेड प्रकाश असतो, आणि डोळ्यासाठी-कातडीसाठी ठरवलेल्या मर्यादेच्या आतच पॉवर ठेवतात. ती मर्यादा पाळणं हे मोजणाऱ्याचं काम, त्यात सूट नाही.

दोन ठिकाणचे आकडे वेगळे आले, कोणता खरा?

दोन्ही खरे असू शकतात. कॉर्नियाचाच मॉड्युलस वेगवेगळ्या पद्धतींनी मोजला की काही किलोपास्कलपासून थेट मेगापास्कलपर्यंत आकडे येतात. ताणून मोजला की तंतू खेचले जातात म्हणून जास्त, आडवा सरकवून मोजला की कमी. शिवाय टिश्यू जितका जास्त ताणाल तितका ताठ होतो, आणि पटकन हलवला तर हळू हलवण्यापेक्षा ताठ वाटतो. तुलना करायची तर तीच पद्धत, तेच मशीन, आणि शक्यतो तोच माणूस आधी आणि नंतर.

लॅबमधे सराव कशावर करता?

जेलीवर. ह्यात मी एकदा पूर्ण आठवडा गमावला होता. मे महिना, बाहेर ४५ डिग्री, एसी दुपारी बंद पडला आणि मोजत गेलो तसतशी जेली मऊ होत गेली, मी मशीन तपासत बसलो. जिलेटिन तिशीच्या वर डिग्री गेली की वितळायला लागतं. म्हणून नागपूरच्या उन्हाळ्यात अगर वापरायचं, आपलं चायना ग्रास, ते एकदा जमलं की ८५ डिग्रीच्या आसपासपर्यंत टिकतं, नाहीतर सिलिकॉन, जे वर्षानुवर्षं बदलत नाही. त्यात प्रकाश पसरवायला थोडी टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पूड. आणि तापमान प्रत्येक रीडिंगसोबत लिहायचं, मी आता ते सोडत नाही.

घरी करून बघता येईल का?

हो, आणि शाळेच्या पोरांनी जरूर करावं. डिसेंबर-जानेवारीत करा. केकच्या सामानाच्या दुकानातून जिलेटिन पावडर आणा, लिटरभर गरम पाण्यात ५० ग्रॅम विरघळवा, पसरट पण पाच-सहा सेंटीमीटर खोल भरेल अशा डब्यात ओता, रात्रभर फ्रिजमधे. सकाळी वरून मिरेपूड भुरभुरवा, १० सेंटीमीटर अंतरावर दोन खुणा करा, मोबाइल स्लो मोशनला लावून सेकंदाला २४० फ्रेम, आणि डब्याच्या एका टोकाला पेन्सिलीनं टिचकी मारा. पहिली लाट पहिल्या खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत किती फ्रेममधे गेली ते मोजा, कडेवर आपटून परत आलेली लाट धरायची नाही. २४ फ्रेम लागल्या तर एक दशांश सेकंद, म्हणजे वेग सेकंदाला १ मीटर, शिअर मॉड्युलस १ किलोपास्कल, यंग ३. पृष्ठावरची लाट आतल्यापेक्षा पाचेक टक्के हळू असते, घरच्या प्रयोगात तेवढं सोडून द्या.

मग १०० ग्रॅमची दुसरी जेली करा, फ्रेम कमी झाल्या पाहिजेत. आणि पहिली जेली टाकून देऊ नका, झाकून अजून एक रात्र फ्रिजमधे ठेवा आणि परत मोजा, जिलेटिनचे धागे रात्रभर जुळतच असतात त्यामुळे तीच लाट एक-दोन फ्रेम आधी पोचलेली दिसेल.